एकच झडप उरली होती

२४ ऑक्टोबर १९६० रोजी संध्याकाळी कझाकस्तानातल्या त्युरा-ताम तळावर एक क्षेपणास्त्र उडण्याआधीच पेटलं आणि त्याच्या अंगाखांद्यावर काम करणारी माणसं जिवंत जळाली. तोच तळ पुढे बायकोनूर म्हणून जगाला ठाऊक झाला. रॉकेटच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात मानला जातो. ज्यांनी ते क्षेपणास्त्र घडवलं ते मुख्य अभिकल्पक मिखाईल कुझ्मिच यांगेल त्या आगीतून वाचले, पुढे आणखी अकरा वर्षं काम करत राहिले आणि सोव्हिएत संरक्षण उद्योगातल्या सर्वांत वजनदार माणसांमध्ये गणले गेले.

ही हकिकत सहसा शेवटच्या क्षणापासून सांगतात: स्फोट, ज्वाळा, खुर्चीवर बसलेले मार्शल. मला ती तीन दिवस आधीपासून सांगायची आहे. त्या क्षणी जे घडलं त्याची एकेक परवानगी आधीच दिली गेली होती, आणि प्रत्येक परवानगी शहाण्या, अनुभवी माणसांनी दिली होती.

२१ ऑक्टोबर, सकाळ

आर-१६ क्षेपणास्त्र ४१ क्रमांकाच्या मंचावर आणून उभं केलं गेलं. उंची तीस मीटरच्या वर, व्यास ३ मीटर, इंधन भरल्यावर वजन सुमारे १४० टन. दोन टप्पे. इंजिनं ग्लुश्को यांच्या संस्थेची, नियंत्रण यंत्रणा खारकोव्हच्या बोरिस कोनोप्लेव्ह यांची, आणि सगळ्याचा मेळ घालणारी यांगेल यांची द्नेप्रोपेत्रोव्स्क इथली संस्था, ओकेबी-५८६.

सोव्हिएत संघाला हे क्षेपणास्त्र तातडीने हवं होतं आणि त्याला कारणही होतं. यांगेल यांच्यासारखेच रॉकेट अभिकल्पक असलेल्या कोरोल्योव्ह यांचं आर-७ हे जगातलं पहिलं आंतरखंडीय क्षेपणास्त्र. त्यानेच स्पुटनिक वर नेला. पण त्यात द्रवरूप ऑक्सिजन लागत असे, तो भरून ठेवता येत नसे आणि उड्डाणाची तयारी तासन्‌तास चाले. युद्धात इतका वेळ कोण देणार? शिवाय त्याचे अवाढव्य मंच मोजकेच होते. यांगेल यांची वाट वेगळी होती. साध्या तापमानात टाकीत टिकेल असं इंधन वापरायचं, म्हणजे क्षेपणास्त्र बराच काळ सज्ज ठेवता येईल. त्यांचं आर-१२ याच तत्त्वावर १९५७ मध्ये उडालं होतं. आर-१६ ही त्याच विचाराची मोठी झेप होती.

यांगेल यांचा जन्म १९११ चा, सैबेरियातल्या इर्कुत्स्क प्रांतातल्या झिर्यानोवा या खेड्यातला. आजोबा चेर्निगोव्हकडून हद्दपार होऊन तिथे आलेले. घर गरीब आणि भावंडं पुष्कळ. पोरवयात मॉस्कोकडे आले, कापड गिरणीत काम केलं, मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेत शिकले आणि १९३७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. लढाऊ विमानांचे नामवंत अभिकल्पक निकोलाय पोलिकार्पोव्ह यांच्या हाताखाली त्यांची नोकरी सुरू झाली. १९३८ मध्ये विमान कारखाने पाहायला अमेरिकेलाही जाऊन आले. पुढे मिकोयान आणि म्यासिश्चेव्ह यांच्याकडे काम केलं. रॉकेटकडे ते वळले ते १९५० मध्ये, वयाच्या चाळिशीला टेकल्यावर. आधी कोरोल्योव्ह यांचे सहायक, मग काही काळ त्यांचेच वरिष्ठ. दोघांचं जमलं नाही. १९५४ मध्ये यांगेल द्नेप्रोपेत्रोव्स्कला गेले आणि तिथे त्यांनी आपलं घर बांधलं म्हणावं इतकी ती संस्था स्वतःची केली.

चाचणीसाठी नेमलेल्या राज्य आयोगाचे अध्यक्ष होते मित्रोफान नेदेलिन, तोफखान्याचे मुख्य मार्शल. डिसेंबर १९५९ मध्ये सामरिक क्षेपणास्त्र दल उभं राहिलं आणि नेदेलिन त्याचे पहिले सरसेनापती झाले. दल उभं राहिलं खरं, पण त्याच्या हाती आंतरखंडीय क्षेपणास्त्रं बोटांवर मोजण्याइतकीच होती. इकडे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह जगाला सांगत होते की आमच्याकडे रॉकेटं कारखान्यातून धडाधड बाहेर पडताहेत. त्यांचा शब्द खरा करून दाखवण्याचं काम या मंचावर आलं होतं आणि ७ नोव्हेंबर, क्रांतीचा वर्धापनदिन, अवघा सतरा दिवसांवर होता. त्याच तळावरून १० आणि १४ ऑक्टोबरला मंगळाकडे निघालेली कोरोल्योव्ह यांची दोन रॉकेटं वाया गेली होती. तळावर नाराजी होती, दमणूक होती.

२३ ऑक्टोबर, दिवसभर

इंधन भरलं गेलं. एका टाकीत हेप्टिल हे इंधन, दुसरीत ते जाळणारं नायट्रिक आम्लाचं मिश्रण, म्हणजे ऑक्सिडायझर. हेप्टिल जहरी. त्याची वाफ फुफ्फुसांत गेली तरी माणूस आजारी पडतो. आम्ल कातडी खातं. दोन्ही एकत्र आली की ठिणगीचीही गरज नसते, आपोआप पेट घेतात. म्हणूनच अशा इंजिनाला ज्वलन सुरू करायची वेगळी सोय लागत नाही. हा त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका.

अशी दोन द्रव्यं एकमेकांपासून लांब ठेवायला टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळांत धातूचे पातळ पडदे बसवलेले असतात. उड्डाणापूर्वी छोट्या स्फोटक नळकांड्यांनी ते फोडायचे, मग द्रव्यं पंपांपर्यंत उतरतात. पडदा एकदा फुटला की तो परत लावता येत नाही. त्यानंतर रबरी सांधे आम्लाने कुरतडले जाऊ लागतात आणि क्षेपणास्त्राला फार तर एक-दोन दिवसांचं आयुष्य उरतं. तेवढ्यात उडवायचं, नाहीतर टाक्या रिकाम्या करून, धुऊन, सगळं उघडून परत कारखान्यात. म्हणजे महिनाभर गेला. ७ नोव्हेंबर हुकला.

२३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ च्या सुमारास. उरले सुमारे २५ तास

नियंत्रण कक्षातून आज्ञा गेली: दुसऱ्या टप्प्यातल्या ऑक्सिडायझरच्या नळातला पडदा फोडा.

फुटला तो पहिल्या टप्प्यातला, इंधनाच्या नळातला. पाठोपाठ पहिल्या टप्प्याच्या एका इंजिनातल्या वायुजनित्राच्या झडपांवरची स्फोटकंही कुणी आज्ञा न देता उडाली. विद्युत वितरणाची मुख्य पेटी जळाली होती.

इथे क्षणभर थांबायला हवं. एक आज्ञा दिली आणि भलतंच काम झालं, वर न दिलेल्या आज्ञेचंही काम झालं. याचा अर्थ नियंत्रण यंत्रणेच्या तारांमध्ये असा काही घोटाळा होता की कुठली कळ दाबली तर काय हलेल याची खात्री कुणालाच देता येत नव्हती. क्षेपणास्त्राने जणू आपल्या तोंडाने सांगितलं होतं की माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या मते हा अपघात इथेच टळायला हवा होता. पुढचे २५ तास ही इशाऱ्यानंतरची मुदत होती आणि ती मुदत सगळ्यांनी मिळून खर्च केली.

२३ ची रात्र

काम थांबलं. राज्य आयोगापुढे दोन वाटा होत्या. एक, टाक्या रिकाम्या करून सगळं खाली घ्यायचं. दुसरी, इंधन भरलेलं असतानाच दुरुस्ती करायची. टाक्या रिकाम्या कराव्यात हा विचार मांडला गेला, पण टिकला नाही. अशा क्षेपणास्त्राच्या टाक्या भरल्यावर पुन्हा रिकाम्या करणंही जोखमीचं होतं हे खरं. पण जोखमीपेक्षा तारीख मोठी ठरली. ठरलं की जळालेली पेटी बदलायची, झडपा बदलायच्या आणि उद्या उडवायचं.

खालून हेप्टिल ठिबकत होतं. थेंब मोजले गेले, मिनिटाला सुमारे १४०. एवढी गळती चालेल, असा निर्णय झाला. रात्रभर मंचावर माणसं त्या थेंबांखाली राबत होती.

त्या रात्री यांगेल यांच्या मनात काय चाललं होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्यांच्या आयुष्यात अशीच एक घाई आधी घडून गेली होती आणि ती ते विसरले असतील असं मला वाटत नाही.

१५ डिसेंबर १९३८. मॉस्कोचा मध्यवर्ती विमानतळ, कडाक्याची थंडी, उणे पंचवीसच्या आसपास. पोलिकार्पोव्ह यांचं नवं लढाऊ विमान आय-१८० पहिल्यांदा उडणार होतं आणि चालवणार होते वालेरी च्कालोव्ह, जे दीड वर्षापूर्वी उत्तर ध्रुवावरून थेट अमेरिकेत उतरले होते, ज्यांना देशातलं शेंबडं पोरही ओळखायचं. वर्ष संपायच्या आत विमान उडवून दाखवायचं होतं. दोषांची यादी कागदावर तयार होती. थंडीत इंजिन गारठू नये म्हणून पुढे बसवायच्या झापाही बसवलेल्या नव्हत्या. उतरताना इंजिन बंद पडलं, विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं आणि च्कालोव्ह गेले. पोलिकार्पोव्ह यांचे सहकारी तोमाशेविच यांना आणि कारखान्याच्या वरिष्ठांना अटक झाली. यांगेल तेव्हा त्याच संस्थेत तरुण अभियंते होते. वर्षअखेरीच्या तारखेपायी एक माणूस कसा मरतो आणि नंतर तुरुंगात कोण जातं, दोन्ही त्यांनी जवळून पाहिलं होतं.

म्हणूनच २३ च्या रात्री त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही ही गोष्ट मला टोचते. ज्याला काही माहीतच नाही त्याचं गप्प राहणं समजून घेता येतं. यांगेल यांना माहीत होतं. यंत्र त्यांचं होतं, सहीही त्यांची होती. पण १९३८ नेच त्यांना दुसराही धडा दिला असेल: थांबवणाऱ्या माणसाचं काय होतं. त्या व्यवस्थेत घाईची शिक्षा अपघात झाला तरच होई. उशिराची शिक्षा मात्र ठरलेली असे.

२४ ऑक्टोबर, सकाळ

आयोगाची बैठक झाली आणि काम पुढे सुरू झालं. वितरणपेटी बदलली. कालच्या प्रकारानंतर नियंत्रण कक्षातून जाणाऱ्या नेहमीच्या तारांवर भरवसा राहिला नव्हता. म्हणून दुसऱ्या टप्प्याचे पडदे स्वतंत्र तारेने फोडायचे ठरलं. ते फुटले की नाही हे कळायचं कसं? माणसाच्या कानाने. तपासणीच्या झरोक्याशी माणूस उभा करायचा आणि आतून येणारा फटकारा त्याने ऐकायचा.

हे चित्र डोळ्यांसमोर आणा. १४० टनांचं, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला अण्वस्त्र टाकू शकणारं यंत्र. त्यात काठोकाठ विष आणि आम्ल. आणि त्याच्या पोटाशी कान लावून उभा असलेला एक माणूस, आवाज आला का ते सांगायला. त्याच्या हाती काही मापक नव्हतं, दिवा नव्हता. त्याने ‘आला’ म्हटलं की पुढची पायरी.

पडदे फुटले. आता दुसऱ्या टप्प्याचं इंधन आणि ऑक्सिडायझर इंजिनाच्या दाराशी येऊन थांबलं. मध्ये उरल्या फक्त झडपा.

२४ ऑक्टोबर, दुपार

उड्डाणाची वेळ पुढे पुढे सरकत होती. मॉस्कोहून विचारणा होत होती. नेदेलिन यांच्यासाठी सुरक्षित अंतरावर जागा होती. तरी ते मंचावर आले आणि त्यांच्यासाठी खुर्ची आणली गेली. क्षेपणास्त्रापासून अंतर वीस मीटरच्या आसपास. तिथे बसून ते काम पाहू लागले.

नेदेलिन भित्रे नव्हते, आणि माणसांना धोक्यात ढकलून आपण आडोशाला बसणारेही नव्हते. स्पेनच्या यादवी युद्धात आणि महायुद्धात लढलेला तो तोफखान्याचा माणूस. मार्शलने पुढे बसावं म्हणजे सैनिकांना धीर येतो, हे त्यांच्या रक्तात मुरलेलं होतं. रणांगणावर ते बरोबरही ठरलं असतं. इथे त्याचा परिणाम उलटा झाला. खुद्द मार्शल वीस मीटरवर बसलेत म्हटल्यावर कुठला अधिकारी, कुठला अभियंता बंकरमध्ये जायला निघेल? ज्यांचं मंचावर काही काम नव्हतं तेही थांबले.

तरीही सगळा दोष त्या खुर्चीवर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. खुर्चीमुळे मरणाऱ्यांची संख्या वाढली. स्फोट मात्र कागदांवरच्या सह्यांनी झाला.

उरला एक तास

एक तासाची तयारी जाहीर झाली. नियमाप्रमाणे या वेळी मंचावर फक्त गरजेपुरती माणसं हवीत, साधारण शंभर. प्रत्यक्षात त्यांच्याशिवाय आणखी दीडशेच्या आसपास होती. सेवा मनोऱ्याच्या मजल्यांवर सैनिक आणि तंत्रज्ञ, खाली अभियंते, अधिकारी, वरिष्ठ मंडळी. यांगेल यांचे दोन उपप्रमुख, लेव्ह बर्लिन आणि वसिली कोन्त्सेवोय. ग्लुश्को यांचे उपप्रमुख फिर्सोव्ह. संरक्षण तंत्र समितीचे उपाध्यक्ष लेव्ह ग्रिशिन. कर्नल नोसोव्ह आणि ओस्ताशेव्ह, स्पुटनिकच्या काळापासून या तळावर राबलेले. कोनोप्लेव्ह स्वतः. सोव्हिएत रॉकेटविद्येतली एक अख्खी पिढी एका हाळीच्या अंतरात उभी होती.

उरला अर्धा तास

क्षेपणास्त्रातल्या बॅटऱ्या खास प्रकारच्या होत्या. आतलं द्रावण वेगळ्या कुपीत असतं. उड्डाणाच्या तोंडावर ते आत सोडलं की बॅटरी जिवंत होते आणि थोडाच वेळ चालते. या बॅटऱ्या चालू केल्या गेल्या आणि क्षेपणास्त्राच्या तारांना जोडल्या गेल्या. म्हणजे दुसऱ्या टप्प्याला आता स्वतःची वीजही मिळाली.

तेवढ्यात दिसलं की विद्युत वितरणाचं एक फिरतं उपकरण शून्यावर नाही. उड्डाणात कुठल्या क्षणी कुठल्या झडपेला वीज द्यायची ते हे उपकरण टप्प्याटप्प्याने फिरून ठरवतं. आदल्या तपासण्यांत ते पुढे सरकलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. ते शून्यावर आणणं भाग होतं, नाहीतर उड्डाणात सगळ्या आज्ञा चुकीच्या वेळी जातील.

साधा वायरमनसुद्धा घरातल्या बोर्डाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडतो. इथे मेन चालू होता, इंधनाचे पडदे फुटलेले होते आणि उपकरण फिरवायची आज्ञा दिली गेली.

ते फिरताना वाटेत एका खाचेवरून जाणार होतं. त्या खाचेचा अर्थ: दुसऱ्या टप्प्याच्या मुख्य इंजिनाची झडप उघडा.

बॅटरी जोडलेली नसती तर त्या खाचेतून काही गेलं नसतं. पडदे शाबूत असते तर झडप उघडूनही इंजिनाला इंधन मिळालं नसतं. उपकरण तारखेच्या घाईत न फिरवता आधी सगळी वीज तोडली असती तरी काही झालं नसतं. यंत्र बनवणाऱ्यांनी एकापुढे एक अडसर घातले होते, ते याचसाठी. दोन दिवसांत ते एकेक करून काढले गेले, दर वेळी काहीतरी पटेल असं कारण होतं, आणि शेवटी एकच झडप उरली होती.

याच सुमारास जनरल म्रिकिन यांनी यांगेल यांना सिगारेट ओढायला चला म्हटलं. सांगतात की म्रिकिन सिगारेट सोडणार होते आणि ही शेवटची ओढायची असं म्हणत होते. मंचावर धूम्रपान अर्थातच बंद. दोघं बंकरकडे गेले. विद्युतयंत्रतज्ज्ञ आंद्रोनिक योसिफ्यानही त्यांच्यात सामील झाले.

सायंकाळी ६ वाजून ४५ मिनिटं

दुसऱ्या टप्प्याचं इंजिन पेटलं.

खालच्या टप्प्याच्या टाक्यांवर, काही मीटरवरून, त्या इंजिनाची ज्वाळा थेट पडली. आधी ऑक्सिडायझरची टाकी फुटली, मग इंधनाची. दोन्ही द्रव्यं एकत्र आली आणि सगळं क्षेपणास्त्र एका लाटेत पेटलं. मधोमध तुटून वरचा भाग खाली आला.

मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांवरची माणसं तिथेच गेली. काहींनी खाली उड्या घेतल्या. खाली पळणाऱ्यांच्या पायांखाली डांबर वितळून चिकट झालं होतं, बूट अडकत होते. आग मागून येत होती आणि पुढे तारेचं कुंपण होतं. ज्यांना ज्वाळांनी गाठलं नाही त्यांना आम्लाने आणि हेप्टिलच्या वाफेने गाठलं. उड्डाणाचं चित्रण करायला चोहीकडे लावलेले कॅमेरे चालू झाले आणि त्यांनी हे सगळं टिपलं. ती फिल्म पुढे अनेक दशकं कुलपात राहिली.

नेदेलिन गेले. कोनोप्लेव्ह, बर्लिन, कोन्त्सेवोय, फिर्सोव्ह, नोसोव्ह, ओस्ताशेव्ह गेले. ग्रिशिन जबर भाजले आणि काही दिवसांनी रुग्णालयात गेले. तळाचे प्रमुख गेर्चिक भाजले, पण जगले. आणि ज्यांचं नाव कुठल्याच इतिहासात ठळक येत नाही असे विशीतले सैनिक गेले, डझनांनी. चौकशीत ७४ मृत्यूंची नोंद झाली. रुग्णालयात नंतर दगावलेले धरून पुढच्या याद्या त्याहून मोठ्या होत गेल्या.

२४ ची रात्र

यांगेल बंकरमधून बाहेर धावले. लोकांना ओढून काढण्याच्या धडपडीत त्यांचे हात भाजले. मग त्यांनी मॉस्कोला कळवलं. तो संदेश आज उपलब्ध आहे आणि मी वाचलेल्या सरकारी कागदांत इतका उघडा कागद विरळाच. स्थानिक वेळेनुसार पावणेसातला, उड्डाणाला अर्धा तास असताना आग लागली, टाक्या फुटल्या, जखमी आणि मृत मिळून शंभर किंवा अधिक, त्यांपैकी कित्येक डझन मृत. मार्शल मंचावर होते, त्यांचा शोध चालू आहे. आग आणि नायट्रिक आम्लाने भाजलेल्यांसाठी तातडीने वैद्यकीय मदत पाठवा. खाली सही: यांगेल. त्यात सबब नाही, कुणाकडे बोट नाही.

ख्रुश्चेव्ह यांनी फोनवर त्यांना विचारलं की तुम्ही कसे वाचलात, असं तेव्हापासून सांगितलं जातं. त्या प्रश्नाचं खरं उत्तर एका सिगारेटइतकं लहान होतं. थोड्याच काळात यांगेल यांना हृदयविकाराचा झटका आला.

२५ ऑक्टोबर आणि पुढे

चौकशी आयोग घेऊन लिओनिद ब्रेझनेव्ह आले. आयोगाने तांत्रिक कारण बिनचूक शोधलं: वीज जोडलेली असताना उपकरण शून्यावर आणणं, नियंत्रण यंत्रणेच्या आराखड्यातले दोष, मंचावर नको इतकी माणसं, आणि यंत्र विश्वासार्ह आहे अशी वरिष्ठांची फाजील खात्री. कुणालाही शिक्षा होणार नाही असं जाहीर झालं, कारण जे दोषी होते त्यांना शिक्षा मिळून गेली आहे. स्टालिनच्या काळाच्या तुलनेत ही मोठी दया होती. यांगेल यांना तोमाशेविच यांच्यासारखी अटक झाली नाही. पण या दयेने एक प्रश्नही गाडला. ७ नोव्हेंबरची तारीख कुणी ठरवली आणि ती कुणीच का मोडू शकत नव्हतं, हे त्या अहवालात शोधलं गेलं नाही.

वर्तमानपत्रांत छापून आलं की मार्शल नेदेलिन विमान अपघातात गेले. त्यांना क्रेमलिनच्या भिंतीत जागा मिळाली. बाकीच्यांच्या घरच्यांना तोंड उघडू नका असं बजावण्यात आलं. तळाच्या वसाहतीतल्या बागेत सैनिकांची सामूहिक कबर झाली.

२ फेब्रुवारी १९६१ रोजी, म्हणजे सुमारे शंभर दिवसांनी, दुसरं आर-१६ उडालं. त्या वर्षाच्या अखेरीस ते सैन्यात दाखल होऊ लागलं. यांगेल यांचंच आर-१२ १९६२ मध्ये क्यूबात पोचलं आणि जग अणुयुद्धाच्या काठावर गेलं. त्यांचं आर-१४ पुढे उपग्रहवाहक झालं. त्यावरून घडवलेल्या कॉसमॉस-३एम रॉकेटनेच १९ एप्रिल १९७५ रोजी भारताचा पहिला उपग्रह आर्यभट कापुस्तिन यारहून वर नेला. अजस्र आर-३६ हेही त्यांचंच. क्षेपणास्त्र खंदकातून वायूच्या दाबाने आधी बाहेर फेकायचं आणि इंजिन हवेत पेटवायचं, ही कल्पना त्यांनी विरोध पत्करून रेटली. ज्या माणसाने जमिनीवर पेटलेलं इंजिन पाहिलं होतं तो या कल्पनेसाठी इतका का भांडला, हे मला तांत्रिक कारणांपलीकडेही समजतं.

२४ ऑक्टोबर १९६३ ला, बरोबर तीन वर्षांनी, त्याच तळावर आर-९ क्षेपणास्त्राच्या खंदकात आग लागून आणखी सैनिक गेले. त्यानंतर बायकोनूरहून या तारखेला उड्डाण करायचं नाही असा पायंडा पडला.

यांगेल २५ ऑक्टोबर १९७१ रोजी मॉस्कोत हृदयविकाराने गेले. त्या दिवशी त्यांची साठी साजरी व्हायची होती. त्यांच्या मृत्युलेखात पदकं होती, पदव्या होत्या, ४१ क्रमांकाचा मंच नव्हता. तिथे काय झालं हे सोव्हिएत वाचकांना पहिल्यांदा छापील स्वरूपात कळलं ते १९८९ मध्ये, ‘ओगोन्योक’ साप्ताहिकातून. तोवर त्या बागेतल्या कबरीवर नातेवाईक एकोणतीस वर्षं जात होते, आणि आपलं माणूस कशाने गेलं हे त्यांना शेजाऱ्यालाही सांगता येत नव्हतं.